बाबांच्या डोळ्यातला बुडबुडा

माझं पोट बुडबुड्यांवर चालतं. गंमत म्हणून सांगत नाही. पुण्याच्या एका कॉलेजात मी भौतिकशास्त्र शिकवते आणि माझी डॉक्टरेट आहे ती दाट द्रवातून वर चढणाऱ्या बुडबुड्यांवर. काचेच्या उंच नळीत ग्लिसरीन भरायचं, तळाशी सुईनं इवलीशी हवा सोडायची, आणि ती वर जाताना तिला कोण ढकलतं, कोण मागे ओढतं, भिंतीजवळ गेली की ती का रेंगाळते, याचं गणित मांडत बसायचं. यात माझी सहा वर्षं गेली. देवगडजवळ मिठबावला आमच्या वाडीत कुणी विचारलं, तुमचं चेडू पुण्यात काय करता, तर बाबा सांगायचे, "बुडबुडे बघता." समोरच्याचा चेहरा पडला की घाईनं पुढे जोडायचे, "पगार देतत तेका त्याचो."

बाबा स्वतः चाळीस वर्षं तांडेल होते. होडीवर ज्याचा शब्द चालतो तो तांडेल. कुठे जायचं, जाळं कधी टाकायचं, कधी ओढायचं, सगळं त्यानं ठरवायचं. पाण्यावर फुटणारे बुडबुडे बघून खाली तारली आहे की बांगडा, हे ते सांगत. ते कधी चुकले असतील तर निदान घरी आम्हाला कळू दिलं नाही. म्हणजे एकाच घरात बुडबुड्यांचे दोन जाणकार, आणि दोघांचं एकमेकांच्या विद्येबद्दल फार काही बरं मत नव्हतं.

गेल्या वर्षी दिवाळी होऊन पंधरवडा झाला असेल, बाबांच्या उजव्या डोळ्यासमोर काळं काहीतरी उतरायला लागलं. डावा डोळा त्यांचा पंचविशीतच गेलेला. ताणलेला दोर तुटून त्याचं टोक बसलं होतं. तेव्हापासून आख्खं आयुष्य त्यांनी एका डोळ्यावर काढलं, होडी चालवली, माझं लग्न केलं, कलमं लावली. आता त्या एकुलत्या एका डोळ्यासमोर "जाळा धरल्यासारा दिसता" असं ते आईला म्हणाले, आणि वर तीन दिवस तिला मला फोन करू दिला नाही. का, तर मी उगाच धावत येईन. मी आले ती चौथ्या दिवशी, धावतच.

पुण्याला न्यायची माझी इच्छा होती. पण डोळ्यात हवा भरायची वेळ आली तर नंतर बरेच दिवस घाट चढता येत नाही, उंचावर ती हवा फुगते, असं फोनवरच कळलं. मग गोवाच बरा. आमच्याकडची अर्धी दुखणी तशीही गोव्यालाच जातात.

तिथल्या डॉक्टरांनी तपासलं आणि समजावून सांगितलं. डोळ्याच्या मागच्या भिंतीवर एक नाजूक पडदा असतो. आपल्याला दिसणारं सगळं त्याच्यावर उमटतं. बाबांच्या पडद्याला भोक पडून तो भिंतीपासून सुटू लागला होता, ओल धरलेल्या भिंतीचा गिलावा सुटतो तसा. आता डोळ्यातला दाट, जेलीसारखा द्रव काढायचा, लेझरनं भोकाच्या कडा भिंतीला डागायच्या आणि आत वायूचा एक मोठा बुडबुडा सोडायचा. तो बुडबुडा पडद्याला भिंतीशी दाबून धरणार, भोकातून पाणी आत शिरू देणार नाही, आणि तोवर डागलेली जागा पक्की होणार. महिन्या-दीड महिन्यात तो आपोआप विरून जाणार. अट एकच. पहिले दहा दिवस पेशंटनं रात्रंदिवस पालथं राहायचं. जेवायला, अंघोळीला उठायचं, बाकी वेळ तोंड जमिनीकडे.

हे ऐकताना मला काय वाटलं ते लिहायला लाज वाटते. मला आनंद झाला. इतकी वर्षं जे मी नळीत बघत होते तेच आता माझ्या बापाचा डोळा वाचवणार होतं, आणि त्याच्यातलं मला सगळं कळत होतं. निदान मला तसं वाटत होतं.

ऑपरेशनच्या आदल्या संध्याकाळी बाबा खाटेवर गप्प बसले होते. मी खालच्या दुकानातून मधाची बाटली घेऊन आले. बाटली आडवी केली, उभी केली, उलटी केली. दर वेळी मधातला बुडबुडा रमतगमत वर जायचा.

"बाबा, ही बाटली म्हणजे तुमचो डोळो. कशीय धरा, बुडबुडो वयरच जातलो. उलटी केल्यात तरी फिरान परत वयर."

बाबांनी बाटली माझ्या हातातून घेतली आणि स्वतः उलटी करून पाहिली. "इतको सावकाश कित्या जाता?"

"मध तेका धरून ठेवता. दाट आसा ना. तुमच्या डोळ्यात पाणी आसतला, थंय झटकन जातलो."

"नि पालथा कित्या झोपाक व्हया?"

"भोक मागच्या भिंतीक आसा. तुमी पालथे झोपल्यात की मागची भिंत छप्पर होता. बुडबुडो वयर जाता नि छप्पराक दाबून धरता."

हे त्यांना पटलं. चेहरा जरा सैल झाला. मग त्यांनी विचारलं, "माका कसा कळतला तो वयर गेलो काय नाय तो?"

पंधरा वर्षं बुडबुड्यांत घातलेल्या मी एका दमात उत्तर दिलं, "तुमकाच दिसतलो की. वयर दिसलो तर बरोबर. खालती गेलेलो दिसलो तर कायतरी बिघाडला म्हणान समजा, नि माका सांगा."

हे वाक्य मी डॉक्टरांना विचारून बोलले नव्हते, कुठे वाचलंही नव्हतं. सहज तोंडातून गेलं. बाबांनी मान हलवली आणि मधाचं झाकण घट्ट लावून बाटली उशाशी ठेवली.

ऑपरेशन चांगलं झालं. तिसऱ्या दिवशी आम्ही घरी आलो आणि आमच्या घरात पालथ्या माणसाचा संसार सुरू झाला. नुसत्या उशीत तोंड खुपसून माणूस किती वेळ झोपणार? आईनं तोड काढली. डोक्यावर माशांची पाटी घेताना खाली कापडाची गोल चुंबळ ठेवतात, तशीच पण भलीमोठी चुंबळ तिनं जुन्या लुगड्याची वळली. बाकाच्या टोकाला ती ठेवायची आणि बाबांनी तिच्यात तोंड घालून झोपायचं. नाक मोकळं, डोळा मोकळा, खाली जमीन. तीच चुंबळ मांडीवर घेतली की बसूनही पालथं राहता यायचं.

वाडीतली माणसं बघायला येऊ लागली. हातात शहाळं, चेहऱ्यावर काळजी. पण ज्याला बघायला आलो त्याचं तोंडच दिसत नाही म्हटल्यावर बोलणार कुणाशी? काही जण बाबांच्या मानेशी बोलायचे. एक काका सरळ जमिनीवर आडवे झाले आणि बाकाखालून वर बघत बाबांशी तासभर डिझेलच्या भावावर बोलले. बाबांना तेव्हा नुसता अंधुक उजेड कळायचा, तरी पावलांच्या आवाजावरून ते माणूस ओळखायचे आणि नमस्काराआधीच नाव घ्यायचे. यात त्यांना फार मजा यायला लागली.

आईनं देवळात नारळ ठेवून गाऱ्हाणं घालायला सांगितलं. गाऱ्हाणं घालणाऱ्यानं विचारलं, नेमकं काय मागायचं? आई म्हणाली, डॉक्टरांनी सांगितलंय तेच मागा. मग भर देवळात त्यानं खणखणीत आवाजात सुरुवात केली, "बा देवा म्हाराजा! ह्या लेकरान जो नारळ ठेवलो आसा, तो मान्य करून घे रे म्हाराजा! तिच्या घोवाच्या डोळ्यात जो बुडबुडो आसा, तो वयरच ऱ्हवां दी रे म्हाराजा!" आणि जमलेल्या पंधरा-वीस माणसांनी हात जोडून एका सुरात म्हटलं, "होय म्हाराजा!" माझ्या विषयाला इतका पाठिंबा कुठल्याही परिषदेत मिळालेला नाही.

सहाव्या दिवसापर्यंत मी अगदी निर्धास्त झाले होते. पडवीत बसून लॅपटॉपवर वर्ग घेत होते. दुपारी वर्ग संपवून चहा घेऊन आत गेले, तर बाबा उताणे.

नुसते उताणे नव्हे, चुंबळ डोक्याखाली उशीसारखी घेऊन, दोन्ही हात छातीवर ठेवून, समाधानानं पडलेले. 

"बाबा! उताणे कित्या?"

"ओरडा नको. सगळा बरोबर आसा."

"काय बरोबर आसा?"

"बुडबुडो खालती गेल्लो," ते शांतपणे म्हणाले. "काल जेवूक उठलंय, तेव्हा दिसलो. एक आडवी रेघ. रेघेच्या वयर जरा साफ, नि खालती तो, डुलता. तूच सांगलंस ना, खालती दिसलो तर बिघाडला म्हणान?"

"मगे माका सांगूक नको?"

"तुका सांगलंय असता तर तू लगेच गाडी काढून गोव्याक नेलं असतंस. कशाक? बाटली उलटी केल्यार बुडबुडो वयर जाता, ता माका ठाव आसा. म्हणान मीच उलटो झालंय." आणि वर माझी समजूत घालावी तसं, "रेघ गेली गो. उताणा झोपल्यार दिसणाच नाय."

कालच्या दुपारपासून. आई किंवा मी समोर नसलो की उताणं, रात्री आई झोपली की उताणं. म्हणजे जवळजवळ एक आख्खा दिवस बुडबुडा भोकाकडे पाठ करून डोळ्याच्या पुढच्या बाजूला बसला होता आणि पडदा वाऱ्यावर.

मी त्यांना धरून पालथं केलं.  डोक्यात एकच विचार. बुडबुडा खाली जाऊच शकत नाही. हवा पाण्यात खाली जात नाही, हे मला झोपेतून उठवून विचारलं तरी मी सांगेन. मग खालून वर येणारं हे अंधुक काय आहे? पडदा पुन्हा सुटतोय. दुसरं काही असूच शकत नाही. बापाचा एकच डोळा, आणि तो सहा दिवसांत गेला.  मी मागच्या दारी जाऊन हॉस्पिटलला फोन लावला आणि नीट ऐकू यावं म्हणून स्पीकरवर टाकला.

फोनवरच्या सिस्टरबाईंनी सगळं नीट ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "रेघ खाली दिसते ना? ते बरोबर आहे. बुडबुडा डोळ्यात वरच असतो. पण डोळ्यात चित्र उलटं पडतं ना बाई, म्हणून पेशंटला तो खाली दिसतो. आम्ही सगळ्यांना सांगतो हे. तुम्हाला कुणी वेगळं सांगितलं होतं काय?"

"नाही," मी म्हटलं.

"पण उताणं झोपवलंत ते बरं नाही केलं. किती वेळ?"

"एक दिवस."

 "उद्या सकाळी घेऊन या. तोपर्यंत पालथंच, अजिबात हलू देऊ नका."

फोन ठेवला आणि मी पायरीवर बसले. डोळ्यात चित्र उलटं पडतं. मेणबत्ती, भिंग, आणि पलीकडे उलटी मेणबत्ती. शाळेतल्या पोरालाही ही आकृती काढता येते. मी स्वतः दरवर्षी फळ्यावर काढते. बुडबुड्याचं सगळं बरोबर सांगितलं होतं मी, फक्त तो बघणाराही एक डोळाच आहे हे माझ्या लक्षात आलं नव्हतं. नळीतला बुडबुडा मी बाहेरून बघते. बाबा आतून बघणार होते. आणि ते बिचारे, कधी कुणाचं न ऐकणारे, नेमकं माझं ऐकून बसले.

आईला मी एवढंच सांगितलं की बाबा चुकून उताणे झोपले आणि उद्या दाखवायला न्यायचं आहे. पुढचं सांगायचं धाडस झालं नाही. तिनं माझ्याकडे एकदा नीट बघितलं आणि डबा भरायला घेतला. त्या रात्री आम्ही दोघी आळीपाळीनं बाबांच्या बाकाशेजारी बसलो. ते एकदाही हलले नाहीत.

पहाटेच निघालो. गाडी मी चालवत होते. मागच्या सीटवर आई, तिच्या मांडीवर चुंबळ, आणि चुंबळीत बाबांचं तोंड. वाकून वाकून त्यांची पाठ मोडली असणार, पण तक्रार नाही. उलट आवाजावरून ते गावं ओळखत होते. "पूल इलो, आचरा." ती साधी मोरी होती. "आता मालवण." मालवण मागे पडून वीस मिनिटं झाली होती. कुडाळपर्यंत एकही गाव बरोबर आलं नाही. आई म्हणाली, "समुद्रात असोच होडी हाकत होतास काय ओ?" एरवी मी पोट धरून हसले असते. त्या दिवशी मी नुसती रस्त्याकडे बघत होते आणि मनात एकच घोकत होते, राहू दे, एवढा एक राहू दे.

डॉक्टरांनी बाबांना खुर्चीवर बसवलं. डोळ्यात थेंब घातले. मग विचारलं, "काय हो, मी पालथं झोपायला सांगितलं होतं. उताणे का झोपलात?"

मी तोंड उघडलं. कबूल करायचं ठरवूनच आत आले होते. पण बाबा माझ्या आधी बोलले, आणि तेही चक्क शुद्ध मराठीत. "झोपेत उलटलो, डॉक्टरसाहेब. माझी चूक झाली. मुलीनं सगळं व्यवस्थित समजावून सांगितलं होतं."

मी तोंड मिटलं. तेव्हा बोलायला हवं होतं, बोलले नाही. याबद्दल मी आजही स्वतःला माफ केलेलं नाही.

"असं करून चालेल काय?" डॉक्टर रागावले. "तुमचा दुसरा डोळा नाही, माहीत आहे ना?" बाबांनी शाळेतल्या मुलासारखी मान खाली घातली. मग डॉक्टरांनी कपाळावरचा दिवा लावला, हातात भिंग घेतलं. वर बघा. खाली बघा. उजवीकडे. अजून उजवीकडे. परत वर. एका जागेवर ते फार वेळ थांबले. भिंग जरा मागे नेलं, पुढे आणलं. आईनं माझं मनगट धरलं होतं, ते अजून दुखतंय असं कधी कधी वाटतं.

डॉक्टरांनी दिवा बंद केला.

"बसलाय," ते म्हणाले. "पडदा छान बसलाय. भोक बंद आहे. नशीबवान आहात तुम्ही."

माझा जीव भांड्यात पडला. नुसता पडला नाही, पडून फुटला. मी बाहेर व्हरांड्यात गेले आणि कठड्याला टेकून ढसाढसा रडले. एक अनोळखी बाई येऊन माझ्या पाठीवरून हात फिरवायला लागल्या. काय झालं म्हणून विचारलं तर मी रडत रडत सांगितलं, "डोळा वाचला." त्या म्हणाल्या, "मग रडतेस कशाला गे?" आणि त्याही रडायला लागल्या. आत आई डॉक्टरांना देवगड हापूसच्या दोन पेट्या पाठवायचं वचन देत होती. नोव्हेंबर महिना चालू आहे, झाडाला अजून मोहोरही नाही, याचं तिला भान नव्हतं.

चार दिवस अजून पालथं, मग मोकळे, असं सांगून डॉक्टरांनी आम्हाला सोडलं. आम्हाला कडकडून भूक लागली होती. हॉस्पिटलबाहेरच्या गाड्यावरून रस्सा ऑम्लेट घेतलं. बाबांनी गाडीतच ओणवं बसून, ताटली पायाजवळ ठेवून, पाव बुडवून बुडवून खाल्लं आणि अजून एक मागितलं. मीही दोन खाल्ली. आई म्हणाली, आज वार कुठला आहे ते बघा तरी. कुणीच बघितलं नाही.

परतीच्या वाटेवर सगळं हलकं हलकं वाटत होतं. रस्ता तोच, खड्डे तेच, पण मला त्या खड्ड्यांचंही प्रेम आलं होतं. बाबा पुन्हा गावं ओळखायला लागले आणि पुन्हा चुकायला लागले. बांदा मागे पडलं. मागे ते दोघं काहीतरी पुटपुटत हसत होते. मला राहवेना.

"बाबा," मी म्हटलं, "चूक माझी होती. बुडबुडो वयर आसलो तरी तुमका खालतीच दिसतलो होतो. मी उलटा सांगलंय."

"माका ठाव आसा," चुंबळीतून आवाज आला.

"कसा?"

"काल मागच्या दारी तू फोनवर बोलत होतंस. डोळो गेलो असतो तरी कान आसत माझे."

"मगे डॉक्टरांका खोटा कित्या सांगलास?"

"मगे काय सांगू? पयल्या दिवशीच मी तेंका सांगलेला, माजा चेडू बुडबुड्यातला डॉक्टर आसा म्हणान. सगळ्या वार्डाक सांगलेला. तुजा नाव घालवू?"

आई म्हणाली, "अगो बाये!" एवढंच. मला समोरचा रस्ता धूसर दिसायला लागला. मी वेग कमी केला.

"पण तुमी माझा आयकल्यात कित्या?" मी जरा चिडूनच विचारलं. स्वतःवरचा राग दुसऱ्या कुणावर तरी काढावा लागतो. "आजपर्यंत कधी माझा आयकल्यात? पाण्यावरचे बुडबुडे बघान जल्म गेलो तुमचो."

"ते पाण्यावरचे," बाबा म्हणाले. "ते माका कळतत. ह्यो भुतूरचो. ह्यातला माका काय कळता? तुका कळता म्हणान तू सांगलंस तसा केलंय."

  मग मी म्हटलं, "माका पण भुतूरचा ठाव नाय, बाबा. मी कधी भुतूरसून बघलंयच नाय. कोणीच बघूक नाय. तुमकाच दिसता. आता काय दिसता तुमका?"

"आता?"

"हां. आता."

 बघत असावेत. मग सावकाश बोलायला लागले. "गोल आसा. काठ काळो. मधी उजेड. खड्डो इलो की काठाकडसून एक ल्हान सुटता. तो घटकाभर एकटोच फिरता. मगे मोठ्याकडे जाता, पण लगेच मिळणा नाय हां. चिकटान ऱ्हवता. दोगांच्या मधी कायतरी आसता, अगदी पातळ. ता फुटला की मगेच भुतूर जाता."

दोन बुडबुडे एकमेकांना भिडले तरी लगेच एक का होत नाहीत, मधे अडकलेला द्रवाचा तो पातळ थर निघून जायला वेळ का लागतो, यावर माझ्या प्रबंधातलं एक सबंध प्रकरण आहे. त्या थरासाठी मी दोन वर्षं नळीसमोर डोळे फोडले होते. बाबांना त्याबद्दल मी कधी एक अक्षर सांगितलं नव्हतं. आणि माझ्या शहाणपणामुळे जो डोळा कालच गेला असता, तो डोळा आत्ता, सावंतवाडीच्या अलीकडे, आईच्या मांडीवर पालथा पडून ते बघत होता.

मी गाडी रस्त्याच्या कडेला एका काजूखाली घेतली आणि इंजिन बंद केलं.

"काय झाला?" आईनं घाबरून विचारलं.

"काय नाय," मी म्हटलं, आणि मागे वळून बाबांच्या मानेकडे बघत म्हटलं, "बाबा, परत सांगा. पयल्यापासून."

बाबा सांगू लागले, आणि मी मधे एकदाही बोलले नाही.